पुन्हां श्रीगणेशा

आमच्या मुलुंड-घाटकोपरांत काय किंवा पार्ले-बोरिवलींत काय, ज्या घरांतील एखादा मुलगा, पुतण्या अथवा भाचा अमेरिकेंत नाहीं असें सुशिक्षित घर आतां शोधून काढावें लागेल. अशा मुलाचें चरित्र घरांतील वडील मंडळी बहुधा तीन वाक्यांत सांगतात: चांगल्या गुणांनीं पदवी मिळविली, परदेशीं जाऊन डॉक्टरेट केली, आतां एका मोठ्या कंपनींत आहे. या तिसऱ्या वाक्यानंतर पूर्णविराम पडतो, आणि तो तेथेंच पडावा अशी सर्वांची मनापासून इच्छा असते. कारण चौथ्या वाक्यांत काय लिहिलें जाईल याचा भरंवसा कोणीं द्यावा?

ज्या गृहस्थांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे, त्यांचेंही चरित्र वयाच्या पस्तिशीपर्यंत याच तीन वाक्यांत मावत होतें. त्यांचें नांव श्री ठाणेदार. 'श्री' हें येथें बहुमानाचें उपपद नसून नांव आहे. पस्तिशीनंतर त्यांनीं चौथें वाक्य लिहावयास घेतलें. त्यापायीं ते कोट्यधीश झाले, पुढें सर्वस्वास मुकले, आणि ज्या वयांत आपल्याकडील नोकरदार पेन्शनीचा हिशेब मांडूं लागतो त्या पंचावन्नाव्या वर्षीं त्यांनीं उद्योगाचा पुन्हां श्रीगणेशा केला. अखेर डेट्रॉइटसारख्या शहरानें त्यांना आपला प्रतिनिधि म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें धाडलें. ही कथा जितकी कौतुकाची आहे तितकीच विचार करावयास लावणारी आहे.

सरहद्दीवरील बालपण

ठाणेदार यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९५५ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील चिकोडी येथें झाला. तेव्हां हा जिल्हा मुंबई राज्यांत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना होऊन तो म्हैसूर राज्यांत गेला. मूल दोन वर्षांचें होण्यापूर्वींच त्याचें राज्य बदललें. घर मात्र जागचें हललें नव्हतें. त्यांचें बालपण बेळगांवांत गेलें. ज्या गांवांत घरची भाषा एक आणि सरकारी कागदाची दुसरी, तेथें वाढलेल्या मुलास 'आपला कोण आणि परका कोण' हा प्रश्न पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं.

बेळगांवच्या मातीनें उद्योगी माणसें पूर्वींही बाहेर धाडलीं आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपल्या उद्योगाचा प्रारंभ याच गांवीं सायकलींच्या दुकानानें केला, येथेंच लोखंडी नांगराचा नाद घेतला, आणि येथून बस्तान हलवावें लागलें तेव्हां १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. परंतु लक्ष्मणरावांना निदान औंधच्या राजेसाहेबांचा आश्रय होता. ठाणेदारांच्या घरीं आश्रय देणारा एकटा बाप, आणि श्री चौदा वर्षांचे असतांना तो बापही नोकरींतून निवृत्त झाला. खाणारीं तोंडें पुष्कळ आणि मिळकत तोकडी, अशा संसाराची ओढाताण आपल्या मागील पिढीनें डोळ्यांनीं पाहिलेली आहे. तिचें निराळें वर्णन नको. मुलानें मिळेल तें किरकोळ काम करून घरास हातभार लावला, शिक्षण सोडलें नाहीं, आणि अठराव्या वर्षीं कर्नाटक विद्यापीठाची रसायनशास्त्रांतील पदवी मिळविली.

मुंबईची पायरी

पदवीनंतर ते मुंबईस आले. १९७७ सालीं त्यांनीं मुंबई विद्यापीठाची एम्. एस्सी. पदवी घेतली, आणि ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतही काम केलें. आपल्या पूर्व उपनगरांच्या शेजारचें हें केंद्र १९५४ सालीं स्थापन झालें, आणि डॉ. होमी भाभा यांच्या अपघाती मृत्यूनंतर १९६७ सालीं त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें. सत्तरीच्या दशकांत तेथील नोकरी म्हणजे मध्यम वर्गाच्या दृष्टीनें सुखाची परमावधीच होती. पगार सरकारी, काम प्रतिष्ठेचें, राहण्यास वसाहत. मुलीच्या बापानें याहून अधिक कशाची चौकशी करावी?

ठाणेदारांच्या मनांत मात्र अमेरिकेंतील विद्यापीठ भरलें होतें. १९६५ च्या नव्या कायद्यानें त्या देशाचें दार हिंदी लोकांस बरेंच मोकळें झालें होतें. तरी दारावरचा अधिकारी अजून तेथेंच होता. मुंबईची अमेरिकन वकिलात त्या काळीं ब्रीच कँडीच्या समुद्रकांठीं एका जुन्या राजवाड्यांत होती. तेथें परवान्यासाठीं गेलेल्या या तरुणास एकदां नव्हे, अनेकदां नकार मिळाला. गरीब घरचा मुलगा शिकून परत येईल याची खात्री अधिकाऱ्यास वाटेना. सुखाची नोकरी हातीं असतां दर नकारानंतर पुन्हां त्याच रांगेंत उभें राहण्यास एक प्रकारचा निर्लज्जपणा लागतो. व्यापारी ज्यास चिकाटी म्हणतात तिचें मूळ बहुधा या निर्लज्जपणांतच असावें. अखेर १९७९ सालीं परवाना मिळाला, आणि ओहायो संस्थानांतील ॲक्रन शहरीं ते दाखल झाले.

ॲक्रन हें अमेरिकेंतील रबराचें माहेरघर. गुडइयर, फायरस्टोन अशा टायरांच्या बड्या कंपन्या तेथेंच वाढल्या. त्यामुळें रबर, प्लास्टिक इत्यादि दीर्घशृंखल द्रव्यांचें रसायनशास्त्र शिकविण्यांत तेथील विद्यापीठाचा हातखंडा. ठाणेदारांनीं १९८२ सालीं याच विषयांत डॉक्टरेट मिळविली. विद्यार्थिदशेंतही तुटपुंज्या शिष्यवृत्तींतून ते घरीं पैसे पाठवीत असत. पुढें मिशिगन विद्यापीठांत कांहीं काळ संशोधन करून १९८४ सालीं ते सेंट लुईच्या पेट्रोलाइट कंपनींत रसायनज्ञ म्हणून रुजू झाले, आणि १९८८ सालीं अमेरिकेचे नागरिक झाले. येथें आपलीं तीन वाक्यें पुरीं होतात.

चौथें वाक्य

सेंट लुई येथें 'केमिर' नांवाची एक लहानशी प्रयोगशाळा होती. नोकर तीन, वर्षाची उलाढाल सुमारें दीड लाख डॉलर. ठाणेदार प्रथम फावल्या वेळांत तेथें काम करूं लागले, आणि १९९१ सालीं पंचाहत्तर हजार डॉलरांचें कर्ज काढून त्यांनीं ती प्रयोगशाळा विकत घेतली.

या धंद्याचें स्वरूप थोडें समजावून घेणें अवश्य आहे. एखाद्या कारखान्याच्या औषधांत अनोळखी कण सांपडला, नळीचें रबर अवेळीं तडकलें, रंगाचा पोपडा सुटला, अथवा प्रतिस्पर्ध्यानें आपलें पेटंट चोरल्याचा संशय आला, म्हणजे कारखानदारास एकच प्रश्न पडतो: 'यांत आहे तरी काय?' प्रत्येक कारखान्याजवळ त्याचें उत्तर काढणारीं यंत्रें आणि माणसें नसतात. तें उत्तर काढून देणें हाच केमिरचा व्यवसाय. कच्च्या मालाची वखार नको, दुकानाचा थाट नको. हवीं तीं तपासणीचीं यंत्रें, जाणते रसायनज्ञ, आणि गिऱ्हाइकाच्या गरजेची समज. ठाणेदारांजवळ रसायनशास्त्र होतेंच. गिऱ्हाईक ओळखण्याची कला त्यांनीं पस्तिशीनंतर शिकून घेतली. २००५ सालापर्यंत केमिरची उलाढाल सुमारें एक कोटी साठ लाख डॉलरांवर गेली, आणि तिच्या पटावर दीडशेंहून अधिक माणसें आलीं.

या चढत्या काळांतच घरावर आघात झाला. १९९६ सालीं त्यांच्या पत्नीचें अकालीं निधन झालें. पदरीं दोन लहान मुलगे होते. धंद्याचा वाढता व्याप आणि आईविना मुलें हीं दोन्ही ओझीं त्यांनीं कांहीं वर्षें एकट्यानें वाहिलीं. पुढें १९९९ सालीं त्यांनीं पुन्हां विवाह केला. आपली जीवनकथा त्यांनीं मराठींतच 'ही श्रीची इच्छा' या नांवानें लिहिली आणि महाराष्ट्रांत ती पुष्कळांनीं वाचली. उद्योगी पुरुषाच्या चरित्रांत घरचीं दुःखें समासांत ढकलण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ज्या वर्षीं जमाखर्चाच्या वहींत नफा दिसतो त्याच वर्षीं घर रिकामें झालेलें असूं शकतें, ही गोष्ट वहींत कोठेंच लिहिलेली नसते.

पडझड

यशाचा एक स्वभाव आहे. तें माणसास 'आणखी' हा शब्द शिकवितें. केमिरच्या जोडीस ठाणेदारांनीं नव्या औषधांची कसोटी पाहून देणाऱ्या कंपन्या एकामागून एक घेतल्या, आणि 'ॲझोफार्मा' या नांवाखालीं मोठा समूह उभा केला. हा विस्तार मुख्यतः बँकेच्या कर्जावर झाला होता. औषधकंपन्यांनीं संशोधनाचा खर्च चालूं ठेवावा आणि बँकांनीं धीर धरावा, या दोन गोष्टींवर सारी इमारत उभी होती. २००८ च्या आर्थिक संकटांत दोन्ही एकदम सुटल्या. कर्ज थकलें, बँकेनें तारण मालमत्ता ताब्यांत घेतली, आणि २०१० सालीं सारा समूह कोसळला. पंचाहत्तर हजारांच्या कर्जावर उभारलेली मूळची केमिरही दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली.

या पडझडींत एक प्रकरण असें आहे कीं, तें गाळून हें चरित्र सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. समूहांतील एक प्रयोगशाळा न्यू जर्सी संस्थानांत होती, आणि औषधांच्या चांचणीसाठीं तेथें शंभराहून अधिक कुत्रीं व माकडें पाळलेलीं होतीं. प्रयोगशाळेस कुलूप लागलें तेव्हां हे मुके जीव आंतच राहिले. त्यांच्या अन्नपाण्यावरून मोठा ओरडा झाला. अखेर प्राणिदयेच्या संस्थांनीं धांव घेऊन त्यांची सोय लावली. जागा आणि किल्ल्या तेव्हां बँकेच्या ताब्यांत होत्या, आपला इलाज नव्हता, असें ठाणेदारांचें म्हणणें. कायद्याच्या दृष्टीनें तें कांहींही असो. छत्र कोसळतें तेव्हां त्याच्या सावलींत जे जे असतात त्या सर्वांवर तें पडतें, मग तीं नोकरी गमावलेलीं माणसें असोत वा पिंजऱ्यांतील जनावरें. धंद्यांतील धाडसाचें कौतुक करतांना हा खर्चाचा रकानाही वाचला पाहिजे. आठ वर्षांनीं मतदारांनीं तो वाचलाच.

पंचावन्नाव्या वर्षीं

धंदा गेला. वय पंचावन्न. अशा वेळीं नातेवाईक जो सल्ला देतात तो जगांत सर्वत्र एकच असावा: आतां पुरे, एखादी बरीशी नोकरी पाहा. ठाणेदार मिशिगनमधील ॲन आर्बर या विद्यानगरींत गेले आणि त्याच वर्षीं 'ॲव्होमीन' नांवाची नवी प्रयोगशाळा त्यांनीं उघडली. धंदा तोच, प्रश्न तोच: 'यांत आहे तरी काय?' बँकेनें इमारती नेल्या, यंत्रें नेलीं. पण गिऱ्हाईक कोणत्या अडचणींत आपल्याकडे येतें याचें ज्ञान कोणत्याही तारणखतांत लिहितां येत नाहीं, म्हणून तें जप्तही होत नाहीं. १९७९ सालीं परक्या देशांत उतरलेल्या विद्यार्थ्याजवळ जेवढी सामग्री होती तिच्याहून ती पुष्कळच अधिक होती. शून्यापासून आरंभ करण्याची भीति ज्यानें एकदां जिरविलेली असते, त्यास दुसरा आरंभ मृत्यूसारखा वाटत नाहीं. देशांतर केलेल्या माणसाचें खरें भांडवल हेंच.

सहा वर्षांत ॲव्होमीन नांवारूपास आली. २०१६ सालीं तिचा मोठा हिस्सा त्यांनीं विकला, आणि मिळालेल्या पैशांतील कांहीं भाग नोकरवर्गास वांटून दिला. विक्रीनंतर खरेदीदारांनीं कंपनीची मिळकत फुगवून सांगितल्याचा आरोप करून दावा लावला; ठाणेदारांनीं तो आरोप नाकारला, आणि प्रकरण पुढें आपसांत मिटलें. या वेळीं वय एकसष्ट. येथें तरी पूर्णविराम पडावा कीं नाहीं?

मतदाराचें दार

तो पडला नाहीं. २०१८ सालीं मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत ठाणेदार उभे राहिले. राजकारणाचा पूर्वानुभव नाहीं, पक्षांत आधार नाहीं, उच्चार परदेशी. जवळ होता तो पैसा. स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर त्यांनीं प्रचारांत ओतले. न्यू जर्सींतील त्या मुक्या जिवांची हकीकतही याच वेळीं चव्हाट्यावर आली. निकाल लागला तेव्हां ग्रेचेन व्हिटमर विजयी झाल्या. ठाणेदारांस दोन लाखांवर मतें पडलीं, पण क्रमांक तिसरा. पैशानें नांव घरोघर पोंचवितां येतें, विश्वास मात्र त्याच टपालानें जात नाहीं, हा धडा त्यांना महागांत मिळाला.

यानंतर त्यांनीं डेट्रॉइट शहरांत घर केलें आणि एका लहान मतदारसंघापासून पुन्हां आरंभ केला. २०२० सालीं ते मिशिगनच्या विधानसभेवर निवडून आले. २०२२ सालीं काँग्रेसच्या तेराव्या मतदारसंघासाठीं नऊ उमेदवारांच्या प्राथमिक लढतींत तिसऱ्या हिश्शाहूनही कमी मतें मिळवून ते पहिले आले, सार्वत्रिक निवडणूक त्यांनीं सहज जिंकली, आणि जानेवारी १९२३ नव्हे, जानेवारी २०२३ मध्यें प्रतिनिधिसभेंत आसनस्थ झाले. शतक मुद्दाम उच्चारिलें; कारण १९२३ सालींच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत हिंदी मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊं शकत नाहीं असा निवाडा दिला होता. १९४६ च्या कायद्यानें ती बंदी उठली, आणि त्यानंतर दहा वर्षांनीं पंजाबांतून गेलेले, गणितांत डॉक्टर होऊनही शेतींत राबलेले दलिपसिंग सौंद काँग्रेसवर निवडून आलेले पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्या वाटेनें चिकोडीचा हा मराठी मनुष्य गेला. २०२४ सालीं मतदारांनीं त्यांना पुन्हां निवडून दिलें.

परंतु या विजयाची दुसरी बाजू डेट्रॉइटवासीयांच्या मनांतून पाहिली पाहिजे. एके काळीं मोटारींच्या कारखान्यांनीं गजबजलेल्या या शहरांत १९५० सालीं अठरा लाखांवर वस्ती होती. २०२० च्या शिरगणतींत ती साडेसहा लाखांच्याही आंत आली. २०१३ सालीं तर खुद्द नगरपालिकेनेंच दिवाळें जाहीर केलें. शहराची बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. १९५५ पासून त्यांचा एक तरी प्रतिनिधि डेट्रॉइटमधून काँग्रेसमध्यें अखंड जात असे; ठाणेदारांच्या विजयानें ती परंपरा खंडित झाली. ज्यांनीं मताच्या हक्कासाठीं पिढ्यान्‌पिढ्या सोसलें, त्यांपैकीं अनेकांस वाटलें कीं, हा सधन परकी गृहस्थ पैशाच्या बळावर आमची जागा घेऊन गेला. इतर कित्येकांनीं म्हटलें कीं, ज्यानें दारिद्र्य आणि दिवाळें दोन्ही भोगलीं तो आमचें दुःख ओळखील. दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें असूं शकतें. धंद्यांत माणूस स्वतःच्या बळावर चढतो असें म्हणतां येईल. राजकारणांत मात्र दुसऱ्यांनीं दार उघडल्यावांचून उंबरठा ओलांडतां येत नाहीं, आणि दार उघडणारास आंत येणाऱ्याची उलटतपासणी करण्याचा पूर्ण हक्क असतो.

आपल्या दारीं

बेळगांवचा मुलगा अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें बसला हें ऐकून आपली छाती फुगते, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र त्याच संध्याकाळीं आपल्या वॉर्डांत परप्रांतांतून आलेला एखादा दुकानदार नगरसेवकपदास उभा राहिला, तर आपल्या जिन्यांत कोणता प्रश्न विचारला जातो? 'हा मूळचा कोठला?' डेट्रॉइटमध्येंही नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता. तेथें तो आपल्यास संकुचित वाटतो आणि येथें स्वाभाविक वाटतो, ही गंमत ध्यानांत घेण्याजोगी आहे.

साष्टी बेटाचे मूळ रहिवासी कोळी, आगरी, वारली आणि वसई-वांद्र्याकडील जुने ख्रिस्ती. १९२० सालीं उपनगर जिल्हा निराळा झाला, आगगाडीच्या कांठीं प्लॉट पडले, आणि मग कोंकणांतून, देशावरून, गिरगांवच्या चाळींतून आपले आजेपणजे येथें राहावयास आले. पार्ल्याची लोकमान्य सेवा संघासारखी संस्था १९२३ सालीं उभारणारी मंडळीही अशीच बाहेरून येऊन स्थायिक झालेली होती. त्यांच्या बरोबरीनें गुजराथी, कच्छी, तामीळ, उत्तरेकडील गवळी असे सारेच आले. मराठी भाषेचा आणि भूमिपुत्राच्या पोटाचा प्रश्न खोटा नाहीं. सीमाभागांतील मराठी माणसास तर तो सर्वांत अधिक कळतो. पण ज्या मापानें आपण परक्यास मोजतों त्याच मापानें आपल्या मुलास परदेशीं मोजूं दिलें पाहिजे. नाहीं तर मापच खोटें ठरतें.

डेट्रॉइटच्या मतदारांनीं ठाणेदारांस विचारलेले प्रश्न कोणत्याही वॉर्डांत उपयोगी पडण्याजोगे आहेत: तुमचा पैसा कसा मिळाला? तुमचा धंदा बुडाला तेव्हां तुमच्या आश्रितांचें काय झालें? निवडून आल्यावर आमच्या रस्त्यावर दिसाल कीं नाहीं? जन्मगांवाची चौकशी त्यानंतर हवी तर खुशाल करावी. आणि घरांतील एखाद्या मुलानें तिसऱ्या वाक्यावर न थांबतां चौथें लिहावयास घेतलें, तर 'आतां पुरे' असें म्हणण्यापूर्वीं त्यासही हेच प्रश्न विचारावे: कर्ज किती, तारण कोणतें, आणि बुडालास तर तुझ्याबरोबर आणखी कोण बुडेल? यांचीं उत्तरें त्यानें नीट दिलीं, तर त्याच्या हातांतून लेखणी काढून घेण्याचें आपल्यास कांहीं कारण उरत नाहीं.